नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे

नवं सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा सुरुवातीला लॅबमध्ये कुणालाच धड आत जाता येईना, म्हणून आक्कांना आपल्या अडचणीचं काही विशेष वाटलं नाही. भट्टी सांभाळणाऱ्याचं आडनाव यंत्राने नावाच्या जागी घातलं होतं आणि नाव आडनावाच्या जागी, त्यामुळे ते त्याला ओळखच देत नव्हतं. कवळ्या घासणाऱ्या बाईंना ते दर वेळी नवा पासवर्ड मागायचं आणि दिला की हा फार सोपा आहे म्हणून परत करायचं. "माझ्या सासूबाईंना आत बसवलंय की काय यात," त्या म्हणाल्या, आणि सगळे खो खो हसले. आक्काही हसल्या.

लॅब दातांची होती. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवायचे, आणि त्यावरून तयार झालेल्या कॅप्स नि कवळ्या छोट्या डब्यांतून परत जायच्या. आक्कांनी ती काढली तेव्हा एक खोली होती, एक भट्टी होती, आणि कोपऱ्यात अभ्यासाच्या नावाखाली पेंगणारा धाकटा भाऊ होता. आईवडील लागोपाठ गेलेले. आक्कांनी त्याला शिकवलं, हातात ब्रश दिला, चुकला तर बोटांवर फटका दिला, पुढे त्याचं लग्नही लावून दिलं. स्वतःचं लग्न राहून गेलं. ते नेमकं कधी राहिलं हे सांगता येऊ नये इतक्या सहज. आता भाऊ पन्नाशीला टेकला होता, डोक्यावरचे केस मागे सरकले होते, डॉक्टर मंडळी त्याला अदबीने 'भाऊ' म्हणत. आक्का मात्र चारचौघांत 'छोट्या' अशी हाक मारत, आणि तो हातातलं टाकून येई.

वय झालं तसा आक्कांनी ब्रश ठेवला, पण रंग ठेवला नाही. दाताचा रंग ठरवणं हा त्यांचा प्रांत. "पांढरा दात फक्त जाहिरातीत असतो," त्या म्हणायच्या. पुढच्या दाताची कॅप असली की डॉक्टर पेशंटलाच लॅबमध्ये पाठवायचे. आक्का त्याला खिडकीपाशी उजेडात बसवायच्या, दोन गोष्टी विचारून बोलता करायच्या, आणि तो बोलत असताना नमुन्याच्या दातांची पट्टी त्याच्या ओठांजवळ धरायच्या. क्षणभर बघायचं, मग मांडीवरच्या निळ्या फडक्याकडे नजर टाकायची, डोळे धुतल्यासारखे झाले की पुन्हा बघायचं. मग एका चिठ्ठीवर रंग लिहायचा. ती चिठ्ठी साच्याच्या डब्यात पडली की विषय संपला. आक्कांच्या चिठ्ठीवर उलट प्रश्न विचारायची पद्धत लॅबमध्ये नव्हती.

नव्या सॉफ्टवेअरमुळे चिठ्ठ्या जाणार होत्या. ज्याचं काम त्याने आपल्या नावाने आत जाऊन थेट यंत्रात भरायचं, असं ठरलं. भावाने सगळ्यांना एकेक नाव आणि पासवर्ड वाटला. दोन-चार दिवस आदळआपट झाली, मग भट्टीवाल्याचं नाव सुलटं झालं, कवळीवाल्या बाईंच्या सासूबाईही वठणीवर आल्या. एकेक जण आत गेला. आक्का तेवढ्या दाराबाहेर राहिल्या. नाव घातलं, पासवर्ड घातला की पडद्यावर लाल अक्षरं उमटायची : नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

"नवीन आहे गं, असेल काहीतरी," भाऊ त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "होईल सुरू."

"एकदा बंद करून परत चालू करून बघा ना, आक्का," भावजय म्हणाली. ती हिशेब आणि फोन सांभाळायची, टेबल आक्कांच्या शेजारीच.

आक्कांनी बंद करून चालू केलं. लाल अक्षरं होती तिथेच होती.

शेवटी त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता.

"मॅडम, आधी कॅप्स बघून घ्या, चालू आहेत का?"

"चालू आहेत म्हणजे? भट्टीत आहेत. कोणत्या डॉक्टरांच्या हव्यात?"

"मॅडम, कीबोर्डवरचं बटण. कॅप्स लॉक."

लॅबमध्ये हशा पिकला. आक्कांनी ते बटण शोधलं. ते बंदच होतं. मग त्या माणसाने त्यांना ब्राउझरचा साठलेला कचरा काढायला लावला, दुसरा ब्राउझर घ्यायला लावला, तारीख-वेळ तपासायला लावली. पासवर्ड नवीन करून दिला. तो मोबाईलवर आला, आक्कांनी एकेक अक्षर बोट ठेवून घातलं, आणि हिरव्या अक्षरांत आलं : पासवर्ड बदलला आहे. आक्कांनी विजयी मुद्रेने भावजयीकडे पाहिलं. मग त्याच पासवर्डने आत जायला गेल्या, आणि लाल.

आक्का हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. रोज सकाळी आल्या की डगला चढवायच्या, चष्मा पुसायच्या आणि यंत्रापुढे बसायच्या. भावजयीच्या यंत्रावरून करून पाहिलं. मोबाईलवरून करून पाहिलं. मदतवाल्यांनी नावात मध्ये टिंब घाला म्हटलं, घातलं. काढा म्हटलं, काढलं. एक शहाणा म्हणाला, बोटं हळू चालवा. आक्का म्हणाल्या, "अहो, मी माणसाच्या तोंडात बसतील असे दात केलेत या बोटांनी. एवढी बटणं दाबता येतात मला." त्या काळात शिकलेले शब्द त्या जेवताना घरी वापरायच्या, आणि भाऊ मान खाली घालून ऐकायचा. घर एकच होतं. खाली भाऊ-भावजय, वर आक्का, जेवण एकत्र.

एकदा भट्टीवाल्याला राहवलं नाही. "आक्का, माझ्या नावाने जा की तोवर. मी देतो उघडून."

"कुणी कुणाच्या नावाने जायचं नाही!" भाऊ आपल्या टेबलावरून एवढ्या जोरात ओरडला की भट्टीवाल्याच्या हातातला चिमटा खाली पडला. भाऊ सहसा ओरडत नसे. आक्कांना उलट बरं वाटलं. शिस्त म्हणजे शिस्त. आपल्याच हाताखाली शिकलाय.

काम काही अडलं नव्हतं. आक्का आपल्या जुन्या सवयीने चिठ्ठी लिहायच्या आणि भावजय ती त्यांच्या वतीने यंत्रात भरायची. कॅप्स तयार होत, जात. एकही परत येत नव्हती. "बघ," आक्का भावजयीला म्हणाल्या, "यंत्र असो नसो, रंग चुकत नाही." भावजयीने हो म्हटलं आणि लगेच फोन उचलला. तो वाजला नव्हता, हे आक्कांच्या लक्षात आलं नाही.

मग एके सकाळी मदतीच्या नंबरावर वेगळाच आवाज आला. सर्दी झालेला, जरा खडूस, गोड बोलण्याच्या भानगडीत न पडणारा. आक्कांनी सगळं रामायण पहिल्यापासून सांगायला घेतलं तसं त्याने थांबवलं.

"बाई, बटणं दाबू नका. मी इथून बघतो." तो थोडा वेळ नाक ओढत राहिला. "तुमचा पासवर्ड बरोबर आहे."

"मग?"

"पहिल्यापासून बरोबर होता. तुमचं खातंच बंद करून ठेवलंय. बंद खात्यालाही आमचं यंत्र तेच वाक्य दाखवतं. त्याची मी वरती तक्रार करून करून थकलो, ते सोडा."

"बंद कुणी केलं?"

"आम्ही नाही. तुमच्याकडच्या अ‍ॅडमिनने. ज्या दिवशी उघडलं त्याच दिवशी बंद केलंय. चालूही तेच करू शकतात. मला इथून करता येत नाही."

"अ‍ॅडमिन म्हणजे कोण?"

त्याने भावाचं नाव सांगितलं.

आक्कांनी फोन ठेवला. त्यांना पहिल्यांदा राग आला नाही, लाजच वाटली. इतके दिवस आपण बंद भिंतीवर टकटक करत बसलो होतो आणि ज्याने भिंत घातली तो पलीकडच्या टेबलावर बसून ऐकत होता. लाजेमागून राग आला तो मात्र आक्कांच्या मापाचा आला.

"छोट्या!"

तो हातातलं टाकून आला.

"माझं खातं तू बंद केलंस?"

घासायची चाकं थांबली. भट्टीवाला भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. भाऊ बायकोकडे बघू लागला आणि ती टेबलावरच्या स्टेपलरकडे.

"चुकून झालं असेल, आक्का. नवीन आहे ना ते."

"चुकून? ही लॅब कुणी काढली? तुला ब्रश धरायला कुणी शिकवलं? आणि आज मला माझ्याच दारातून आत जायला तुझी परवानगी?"

"असं नाही गं."

"मग कसं? उघड. आत्ता, माझ्यासमोर."

आता सांगायचं तर हीच वेळ होती. भावाने तोंड उघडलंही. पण आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि त्या तशा उभ्या राहिल्या की भावाला आजवर कधी शब्द सापडला नव्हता. तो मुकाट्याने यंत्रापाशी गेला, दोन ठिकाणी बोट दाबलं. आक्का बसल्या, नाव घातलं, पासवर्ड घातला. पडदा उघडला. वर लिहिलं होतं, स्वागत आहे.

"एवढंच होतं," आक्का म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

त्याच दिवशी एक शिक्षिका आल्या. पुढचा वरचा दात तुटलेला, हसताना हात तोंडावर नेणाऱ्या. आक्कांनी त्यांना खिडकीपाशी बसवलं, त्यांच्या वर्गाबद्दल विचारलं, पट्टी धरली, निळ्या फडक्याकडे पाहिलं, पुन्हा पट्टी धरली. मग स्वतः जाऊन स्वतःच्या नावाने रंग भरला. मधे कुणाचा हात लागला नाही. भाऊ तेव्हा दाताच्या डॉक्टरांकडे साचे आणायला गेला होता आणि भावजय बँकेत. कॅप झाली, डब्यात बसली, गेली.

काही दिवसांनी, भावजय जेवायला आत गेलेली असताना तिच्या टेबलावरचा फोन वाजला. आक्कांनी उचलला. डॉक्टरीणबाई होत्या, लॅबच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी दवाखाना उघडला तेव्हाची पहिली कवळी आक्कांनी करून दिली होती.

"हॅलो, वहिनी का?" उत्तराची वाट न बघता त्या सुरू झाल्या. "अहो, भाऊंना जरा सांगा, असं कसं झालं? आपलं ठरलं होतं ना, आक्कांनी ठरवलेला रंग तसाच पाठवायचा नाही म्हणून? इतके दिवस ते बदलून पाठवत होते, सगळं छान चाललं होतं. या शिक्षिका आरशात बघून रडल्या हो. बाकीचे दात एकीकडे आणि हा पिवळाधमक एकीकडे. मी परत पाठवतेय. आणि हे बघा, आक्कांना काही बोलू नका हं. त्यांना वाईट वाटेल."



"नाही," त्या म्हणाल्या. "नाही बोलणार."

त्यांनी फोन जागेवर ठेवला आणि आतल्या खोलीत गेल्या. भाऊ-भावजय डबा उघडून बसले होते.

"डॉक्टरीणबाईंचा फोन होता," आक्का म्हणाल्या. "शिक्षिकेचा दात परत येतोय. मला सांगू नका म्हणाल्यात."

भावाने हातातला घास परत डब्यात ठेवला.

"किती दिवस चाललंय हे?"

"आक्का, बस ना आधी."

"किती दिवस?"

"वर्ष झालं असेल," तो म्हणाला. "आधी एखाददुसरी परत यायची. मग वाढलं. मग मी चिठ्ठ्या बघायला लागलो. पेशंट जिना उतरून जायच्या आत खाली गाठायचो, पुन्हा रंग बघायचो आणि तुझी चिठ्ठी बदलायचो."

"जिन्यात?"

"कुठे करणार मग? तुझ्यासमोर?"

"आणि हे नवं यंत्र आलं तेव्हा?"

"तू थेट भरलं असतंस तर मला बदलता आलं नसतं. तुझ्या नावाखालचं दुसऱ्याला खोडता येत नाही त्यात." तो डब्याशी बोलत होता. "म्हणून बंद ठेवलं. वाटलं, कंटाळशील चार दिवसांत, सोडून देशील."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, म्हणजे सगळ्यांना. भट्टीवाल्याला, कवळीवाल्या बाईंना, शहरातल्या एकूण एक डॉक्टरला.

"मी रोज सकाळी तिथे बसत होते," आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच भावाला जास्त धास्ती वाटली. "कॅप्स लॉक बघत होते. टिंब घालत होते, काढत होते. तुम्ही सगळे मला बघत होतात. आणि तू," त्या भावजयीकडे वळल्या, "तू मला बंद करून चालू करायला सांगत होतीस."

"मी यांना म्हटलं होतं आक्का, सांगून टाका म्हणून," भावजय रडवेली झाली. "हे नको म्हणाले."

"कसं सांगणार होतो मी?" भाऊ म्हणाला.

"तोंडाने."

"तोंडाने!" तो उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच आक्कांवर त्याचा आवाज चढला असावा, कारण तो कुठे न्यायचा हे त्याला कळत नव्हतं. "तुला कधी काही सांगता आलंय कुणाला? भट्टी जास्त तापते म्हटलं होतं मी एकदा, तर महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. भट्टी खराबच निघाली, तेव्हाही बोलली नाहीस. मी पन्नास वर्षांचा झालो, आक्का. अजून तुझी हाक आली की पोटात गोळा येतो माझ्या. रंग चुकतोय तुझा, असं मी तुला सांगायचं? तुला?"

आक्का ऐकत राहिल्या. यातलं खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणून त्यांना त्याचा जास्त राग आला.

"तुला काय वाटलं?" त्यांनी विचारलं. "का चुकतोय रंग? म्हातारी झाली, डोकं चालत नाही, असंच ना?"

भावाने डब्याचं झाकण उचललं.

"डोळे तपासून घे, एवढे चार शब्द बोलला असतास."

त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. वर्षभर जिन्यात पळत होता, चिठ्ठ्या बदलत होता, बहिणीचं सगळं संपलंय असं धरून चालला होता. डोळे, इतकी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. आक्कांच्याही आली नव्हती, पण ते त्या त्याला सांगणार नव्हत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरने दोन्ही डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिला आणि मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं. "पिवळ्या काचेतून बघताय तुम्ही. पांढरा आणि फिकट पिवळा यातला बारीक फरक कळणारच नाही." मग त्याने आक्का काय काम करतात ते विचारलं, आणि ऐकल्यावर खुर्चीत मागे टेकला. "रंग बघायचं काम, आणि घरात कुणी डोळे दाखवा म्हटलं नाही?" भाऊ शेजारीच उभा होता. तो भिंतीवरची लहान होत जाणारी अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होता.

शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात निघायच्या तयारीत असताना मोबाईल वाजला. सर्दीवाला माणूस.

"बाई, तुमची तक्रार अजून उघडीच दिसतेय. मिटली का?"

"मिटली."

"खातं चालू झालं?"

"झालं."

"मग एक ते पाचमध्ये गुण द्या. विचारावं लागतं."

"पाच," आक्का म्हणाल्या. "तुम्ही एकट्यानेच मला खरं सांगितलंत."

"मी पडद्यावर दिसलं ते सांगितलं," तो म्हणाला आणि शिंकला.

आधी एक डोळा झाला, मग दुसरा. पहिल्यावरची पट्टी निघाली तेव्हा आक्कांनी आधी पाहिलं ते खोलीतलं बेसिन, आणि ते इतकं पांढरं होतं की त्यांना डोळे मिटावे लागले. घरी आल्यावर दाराच्या मागे टांगलेला त्यांचा कामाचा डगला दिसला. तो त्या पांढरा समजून रोज घालत होत्या. काखेपाशी, कॉलरपाशी तो जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा पडला होता, आणि धुवायला टाका असंही कुणी म्हटलं नव्हतं.

शिक्षिकेची परत आलेली कॅप खणात तशीच होती. आक्कांनी ती खिडकीपाशी नेली. मक्याचा दाणा. त्या बराच वेळ ती बोटांत फिरवत राहिल्या. मग त्यांनी पट्टी घेतली, निळं फडकं मांडीवर टाकलं, आणि लॅबमधल्या एकेकाला बोलावून खिडकीपाशी बसवलं. भट्टीवाला, कवळीवाल्या बाई. दात दाखवा म्हणाल्या. रंग सांगत गेल्या. त्यांची नजर होती तशी परत आली होती, किंबहुना आधीपेक्षा तीक्ष्ण.

"बरोबर आहे," भाऊ मागून म्हणाला.

"तुला काय माहीत?"

त्याने हातातली वस्तू दाखवली. जाड पेनाएवढा कॅमेरा होता. दाताला टेकवला की रंगाचा आकडा सांगायचा आणि तो आकडा आपला आपण सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसायचा. आक्कांच्या डोळ्यांचं कळायच्या आधीच त्याने तो मागवून ठेवला होता, आणि आक्का डोळ्यांवर पट्टी बांधून घरी होत्या तेव्हा तो आला होता. आता आक्का रंग सांगत, भाऊ कॅमेरा टेकवत होता, आणि प्रत्येक वेळी दोघांचं उत्तर एकच येत होतं. कवळीवाल्या बाईंना त्याचं भारी कौतुक वाटलं. "आक्का, मशीनच्या तोडीस तोड आहात बघा!"

आक्कांना त्यातला अर्थ लगेच कळला. दोघं बरोबर असतील तर त्यातलं एक जास्तीचं होतं, आणि कॅमेऱ्याच्या हाकेने कुणाच्या पोटात गोळा येत नव्हता.

कुणी त्यांना येऊ नका म्हटलं नाही. खुर्ची होती, खिडकी होती, खातंही चालू होतं. डॉक्टरीणबाई स्वतः भेटायला आल्या, फार प्रेमाने बोलल्या, आणि जाताना पुढच्या पेशंटचा आकडा भावाकडून घेऊन गेल्या. पेशंट आता लॅबचा जिना चढेनासे झाले. कॅमेरा डॉक्टरांकडेच जायचा. आक्का सकाळी येत, कवळ्यांची धार बोटाने तपासत, दुपारी घरी जात. घरात भाजी वाढण्यापुरतं बोलणं राहिलं होतं. भावजय त्यांच्याशी प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून मग बोलायची, हे त्यांना आता स्पष्ट दिसायचं.

एका सकाळी भाऊ भट्टीवाल्याच्या कसल्याशा बोलण्यावर हसला. खिडकीतून उजेड थेट त्याच्या तोंडावर पडला होता. त्याचा वरचा एक दात आक्कांनी केला होता. मागे तो गाडीवरून घसरून पडला होता आणि तो दात तुटला होता. रंग आक्कांनीच बघितला होता, घाईघाईत, त्याच्या तोंडाला सूज असताना. आज त्यांना तो दिसला. शेजारच्या दातांत तो असा वेगळा उठून दिसत होता की रस्त्यावरच्या परक्या माणसालाही कळला असता.

"छोट्या, इकडे ये."

तो आला. त्याला कळलं होतं आक्का काय बघतायत. त्याने ओठ मिटून घेतले.

"हा दात."

"ठीक आहे तो."

"ठीक नाही. रोज आरशात बघतोस ना? दिवसभर दातांच्या डॉक्टरांसमोर उभा राहतोस हा दात घेऊन. बदलला का नाहीस?"

"तुझ्या लक्षात आलं असतं."

आक्कांनी पट्टी उचलली. त्या म्हणाल्या, "बस खिडकीत. मी रंग बघते. ब्रशही धरते, हात थरथरला तर थरथरला."

"नको," भाऊ म्हणाला. मग फार हळू आवाजात, "केलेला आहे. मागेच. खणात पडलाय."

"कुणी केला?"

"मीच."

"दाखव."

त्याने खणातून एक डबी आणली. आक्कांनी दात तळहातावर घेतला, उजेडात धरला, उलटा केला, कड बघितली. त्यांनी शिकवलं होतं तसाच होता, टोकाशी किंचित निळसर, मुळाशी जरा दाट. त्यात काढायला एक चूक नव्हती, आणि त्यांनी ती शोधून पाहिली.

"डॉक्टरीणबाईंकडे जा आणि बसवून ये," त्या म्हणाल्या.

"आज?"

"आजच."

तो गेला. दुपारी परत आला तेव्हा तोंड अर्धं बधिर होतं आणि शब्द एका बाजूने सांडत होते. भट्टीवाला म्हणाला झकास, भावजय म्हणाली किती वर्षांनी लहान दिसताय. भाऊ आक्कांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, लहानपणी वही तपासून घ्यायला उभा राहायचा तसा, आणि ओठ बाजूला करून त्याने दात दाखवला.

आक्कांनी पाहिलं. कोणता दात नवा आहे हे सांगता येत नव्हतं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि तपासायला घेतलेली कवळी पुन्हा हातात घेतली.